कॅलिप्सो ऑर्किडचा कंद जंगलातून आणून कुंडीत लावला तर जगेल का?

नाही जगणार. मे अखेरीला कॅनडातल्या ओंटारिओत फिरायला जाताय, तिथल्या ओल्या रानातून एखादा कंद आणला तर काय बिघडलं असं तुम्ही विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी ओंटारिओतल्याच ब्रूस पेनिन्सुला या द्वीपकल्पावर हे फूल बघायला दोनदा गेलो. पहिल्या वर्षी हात हलवत परत, दुसऱ्या वर्षी सीडरच्या झाडाखाली बुटाची लेस बांधायला गुडघा टेकणार तेवढ्यात वीतभर अंतरावर दिसलं, थोडक्यात वाचलं बिचारं. ऑर्किड म्हणून मी काहीतरी मोठं शोधत होतो आणि हे जेमतेम वीतभर उंच! एक दांडी, तिच्यावर एकच गुलाबी फूल, खाली शेवाळाला चिकटलेलं एकच पान. फुलाचा आकार सपातेसारखा, तोंडाशी पिवळे केस. बघून वाटतं आत भरपूर मध असणार, पण थेंबसुद्धा नसतो. थंडीतून नुकत्याच उठलेल्या बंबलबी नावाच्या मोठ्या केसाळ मधमाश्यांच्या राण्या भुलून आत शिरतात, थोड्याच फुलांत शहाण्या होतात, पण तोवर परागकण पाठीवर चिकटलेले असतात.

पानाची तऱ्हा तर उलटीच. बाकीची झाडं पानं गाळतात तेव्हा याला पान फुटतं, अख्खा हिवाळा बर्फाखाली काढतं आणि उन्हाळ्यात वाळून जातं.

आता कुंडीचं. कंद शेवाळात अगदी वरवर असतो आणि मुळं इतकी नाजूक की नुसतं फूल खुडलं तरी ती तुटून रोप मरू शकतं. बी धुळीसारखं, त्यात अन्नसाठाच नाही, मातीतली ठराविक बुरशी भेटली तरच रुजतं आणि मोठं झाल्यावरही तिच्याशिवाय त्याचं चालत नाही, ती बुरशी आणि तो बर्फ तुम्ही कुंडीत कुठून आणणार? शिवाय सगळी ऑर्किड्स साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, येतात, परमिटशिवाय देशाबाहेर नेताच येत नाहीत.

जॉन म्यूरला, म्हणजे पुढे अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कसाठी झगडला तो, 1864 मध्ये तिकडच्याच दलदलीत हे फूल भेटलं. दिवसभर पाणी तुडवलेलं, पोटात भूक, वाट सापडेना, आणि हे दिसल्यावर गडी शेजारी बसून चक्क रडला. त्याचं छापून आलेलं पहिलं लिखाण याच फुलावरचं, 1866 चं.

तर जा जरूर, सीडरच्या सावलीत नजर खाली ठेवून हळू चाला. एक दिसलं की फोटोसाठी लगेच खाली बसू नका, आधी आजूबाजूला बघा, जवळपास अजून असू शकतात.