सुट्टी आजीकडे, झोप कुणाचीच नाही

प्रश्न : ताई, आम्ही तीन आठवड्यांसाठी सासूबाईंकडे आलोय. मोठा अडीच वर्षांचा, धाकटी साडेचार महिन्यांची. आल्यापासून सगळं वेळापत्रक कोलमडलंय. मोठा दुपारी झोपतच नाही, मग संध्याकाळी सहाला रडरड आणि रात्री अकरापर्यंत उड्या. तिथे दोन महिने झाले शू सांगायला लागला होता, इथे येऊन दिवसातून तीनदा चड्डी ओली करतोय. बाळाला मिठी मारतो म्हणे, पण ती मिठी नाहीये, दाबतो तो तिला. आजोबांच्या मांडीवर बसून मोबाईल बघायचा एवढंच त्याला हवं असतं, मी हाक मारली तर ढुंकून बघत नाही. आणि सासूबाई धाकटीला पालथं झोपवतात, खाली मऊ उशी, वरून दुलई, म्हणतात अशीच गाढ झोपते, तुझ्या नवऱ्यालाही मी असंच झोपवलंय. चमच्याने पाणी पण पाजतात, तोंड सुकलंय म्हणून. मी एकदा बोलले तर दोन दिवस अबोला. नवरा म्हणतो जाऊदे ना, तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे. मी रोज बाळाला पाजायच्या निमित्ताने खोलीत जाऊन रडते. मी जरा जास्तच करतेय का?
— दोन पिल्लांची आई

उत्तर : अगं नाही, जास्त काही करत नाहीयेस. पण एक गोष्ट झालीय तुझी, सगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरल्यात. मोबाईल, उशी, पाणी, चड्डी, अबोला, सगळं एकत्र. त्यामुळे तू उशीबद्दल बोललीस तरी सासूबाईंना ऐकू येतं की ही माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढते, आणि नवऱ्याला वाटतं बायको चिडचिडी झालीय. तर आधी पोतं रिकामं करूया.

त्यातल्या दोनच गोष्टी अशा आहेत की ज्यात जाऊदे म्हणायचं नाही. झोपवणं आणि पाणी.

साडेचार महिन्यांचं बाळ उताणंच झोपवायचं, दुपारी पण आणि रात्री पण, कडक सपाट गादीवर, उशी नाही, दुलई नाही, बाजूला मऊ खेळणी नाहीत. गारठा वाटला तर अंगात एक कपडा जास्त घाल, पण सुटं पांघरूण नको. पालथं बाळ गाढ झोपतं हे सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे बरं का, आणि गोम तिथेच आहे. इतक्या लहान बाळाला श्वास अडला तर चटकन जाग यावी लागते, पालथ्या गाढ झोपेत ती येणं अवघड जातं. (ती स्वतःहून दोन्ही बाजूंनी वळायला लागली की झोपेत पालथी झाली तर परत परत सरळ करायला उठू नकोस, फक्त झोपवताना उताणं झोपव.) आणि सोफा! आजोबा बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर बसलेत आणि दोघंही पेंगतायत, फोटो फार गोड येतो, पण बाळासाठी सगळ्यात वाईट जागा तीच, बाळ कुशीच्या आणि गादीच्या फटीत सरकतं. आजोबांना झोप यायला लागली की बाळ उचलून घ्यायचं, मग ते रागावले तरी चालेल.

पाण्याचं म्हणशील तर, सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी लागतच नाही, कितीही उकाडा असला तरी. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. एवढुशा पोटात पाणी गेलं की दुधाची जागा जाते, आणि जास्त गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. तोंड सुकलंय वाटलं तर तुझ्याकडे आणून द्यायचं, बास. आणि मध, बोटाला लावून एवढासासुद्धा, वर्ष होईपर्यंत नाही. त्यात असे जिवाणू असू शकतात जे आपल्याला काही करत नाहीत पण बाळाच्या आतड्यात जाऊन विष तयार करतात.

आता हे सांगायचं कसं, खरा प्रश्न हाच आहे ना. तू बहुतेक म्हणाली असशील "आई, असं नसतं करायचं". आता जरा त्यांच्या जागी बसून बघ. त्यांनी मूल वाढवलं, ते धडधाकट आहे, तुझा नवराच आहे तो! मग त्यांना ऐकू काय येतं, की तू चुकीचं वाढवलंस. पण त्या चुकल्या नव्हत्याच गं. त्यांच्या काळात कित्येक डॉक्टरच पालथं झोपवा म्हणायचे, उलटी घशात जायला नको म्हणून. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथं झोपवू नका हे सांगितलं 1992 मध्ये, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथले झोपेत अचानक बाळ जाण्याचे प्रकार निम्म्याहून खाली आले. पाण्याचं तसंच. आधी सल्ला होता चार ते सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पूर्ण सहा महिने हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं ते 2001 मध्ये. म्हणजे भांडण तुमच्या दोघींचं नाहीच. दोन वेगवेगळ्या काळातले डॉक्टर तुमच्या तोंडून भांडतायत.

हेच, याच शब्दात सांग. "आई, तेव्हा डॉक्टर तेच सांगायचे, आता उलट सांगतात." आणि खरं तर तूही सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याला सांगू दे. आई त्याची आहे. मुलाने सांगितलं तर तासाभराचा राग, सुनेने सांगितलं तर दोन दिवस अबोला, हे अन्यायाचं आहे पण असंच आहे. तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे म्हणतोय ना तो, मग त्याला म्हण, पाच मिनिटांचंच बोलणं आहे.

आणि नुसतं नाही नाही म्हणू नका, हातातलं काढून घेतलं तर बदली काहीतरी द्या. बाळ जागं असताना पालथं घालायलाच हवं, मान आणि खांदे त्यानेच पक्के होतात, दिवसातून थोडं थोडं करत तीन-चार वेळा. हे खातं आजीकडे द्या! जमिनीवर सतरंजी, आजी समोर, बाळ मान वर करून आजीकडे बघतंय. माझ्या आईला मी हेच काम दिलं होतं तर दुसऱ्या दिवसापासून तीच मला ओरडायची की आज सकाळचं राहिलं.

बाकीच्या पोत्याकडे येऊ. मोठ्याची चड्डी ओली होतेय ते सोडून दे, खरंच. नवीन घर, नवीन बाथरूम, कदाचित तिथला फ्लश मोठ्याने वाजतो, कदाचित पाय खाली टेकत नाहीत, शिवाय येणारा जाणारा प्रत्येक जण आधी बाळाला घेतो. अडीच वर्षांचं पोर अशा वेळी एक पायरी खाली उतरतंच, बाटली मागेल, बोबडं बोलेल, मला पण कडेवर घे म्हणेल. ओरडू नकोस, चार चड्ड्या जास्तीच्या ठेव, दर दीड-दोन तासांनी खेळता खेळता घेऊन जा. मुख्य म्हणजे पाहुण्यांसमोर "अरे एवढा मोठा झालास आणि" हे वाक्य कुणी म्हणणार नाही एवढं बघ.

बाळाला दाबतो त्याचं मात्र सोडून द्यायचं नाही. दोघांना एका खोलीत एकटं ठेवायचंच नाही, दूध आणायला स्वयंपाकघरात जातेस तेवढा वेळसुद्धा नाही, दोघांपैकी एक तुझ्याबरोबर. रागवण्यापेक्षा त्याचा हात धरून दाखव, असा हळू, पायाला लाव, तोंडाला नाही. आणि दिवसातली वीस मिनिटं फक्त त्याची, बाळ आजीकडे, तू आणि तो बाहेर, मोबाईल घरी. तुला वाटतंय तो तुझ्याकडे ढुंकून बघत नाही, पण तो रुसलाय गं तुझ्यावर, दुसरं काही नाही. आजोबांच्या मांडीवर बाळ नसतं, तुझ्या मांडीवर सतत असतं. एवढाच हिशोब आहे त्याचा.

दुपारच्या झोपेसाठी जागा नाही तर क्रम सारखा ठेव. घरी जे करतेस, पडदा, पाणी, तेच पांघरूण, तीच गोष्ट, त्याच क्रमाने इथे. घरचं न धुतलेलं पांघरूण आणलं असशील तर उत्तम, वासाने झोप येते पोरांना. नाहीच झोपला तर अंधाऱ्या खोलीत अर्धा तास लोळणं पण चालेल, आणि त्या दिवशी रात्री तासभर लवकर आडवा कर. जास्त दमला की आपोआप झोपेल ही समजूत चुकीची आहे, जास्त दमलेलं पोर आणखी उड्या मारतं, ते तू बघतेच आहेस. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, तेवढा आकडा डोक्यात ठेव आणि घड्याळाकडे बघणं बंद कर.

मोबाईलचं मी काय सांगू. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर बरंच, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पण आजोबांचे गुडघे दुखतात, घोडा व्हायला जमत नाही, नातू मांडीवर टिकावा असं वाटतं, त्यांना दुसरा उपायच माहीत नाहीये. त्यांना बसून करायची कामं सुचव, जुन्या फोटोंचा अल्बम, टॉर्च आणि भिंतीवरच्या सावल्या, पेपरचे गोळे करून बादलीत टाकणं. तरी अर्धा तास बघितलाच तर बघू दे. चॉकलेट एक जास्त खाल्लं, आंघोळ राहिली, आजीने भरवलं, यातलं काहीही घरी आल्यावर राहत नाही. झोपवणं आणि पाणी यावर तू ठाम राहायचं म्हणजे बाकी ठिकाणी सैल सोडावंच लागेल, दोन्ही कसं मिळणार?

आणि खोलीत रडतेस त्याबद्दल. एखाद दिवस रडणं वेगळं, पण घरी परत गेल्यावरही रोज रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल तर डॉक्टरांशी बोल. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्षभरात कधीही येऊ शकतं, त्याला उपचार आहेत, आणि त्यात तुझा काही दोष नसतो.

प्रश्न : मुलगा-सून नऊ महिन्यांच्या नातवाला घेऊन पुढच्या आठवड्यात येतायत. व्हिडिओ कॉलवर तो मला बघून खुदुखुदु हसतो. पण मागच्या महिन्यात आम्ही तिकडे गेलो तेव्हा मी उचललं की भोकाड पसरायचा. फार वाईट वाटलं हो. काय चुकलं माझं?
— एक आजी

उत्तर : काकू, काही चुकलं नाही. सात-आठ महिन्यांनंतर बाळांना ओळखीचं आणि अनोळखी यातला फरक कळायला लागतो, त्यामुळे जो पोरगा सहाव्या महिन्यात कुणाकडेही जायचा तोच आता आईच्या गळ्याला चिकटतो. फोनवरची आजी तळहाताएवढी असते, तिला वास नसतो, ती उचलून घेत नाही. समोरची आजी एकदम मोठी! आल्या आल्या दारातच हात पुढे करू नका, एवढं एक जमवा. जमिनीवर बसा, सुनेशी गप्पा मारा, त्याच्याकडे बघूच नका, हातात काहीतरी वाजणारं ठेवा, डबा आणि चमचा पण चालेल. तो येईल. दहा मिनिटांत येईल किंवा दुसऱ्या दिवशी येईल. फोनवर जे गाणं म्हणता तेच म्हणा, आवाज ओळखतात ती. आणि सून म्हणाली हात धुऊन घ्या तर धुवा, त्यात मान-अपमान नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. तो येण्याआधी एकदा घरभर गुडघ्यांवर रांगून बघा, गुडघे दुखत असतील तर काकांना रांगायला लावा. आजी-आजोबांच्या घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे उशाशी ठेवलेल्या गोळ्या, बीपीच्या, साखरेच्या. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की एकच पोटात गेली तरी लहान मुलाची साखर धोक्याइतकी खाली येते. गोळ्यांचा तो वारांचा डबा तर पोरांना खुळखुळाच वाटतो. वर, बंद कपाटात. पर्ससुद्धा वर, कारण तिच्यात पण पट्टी असतेच. दुसरं म्हणजे बटणासारखे चपटे सेल, रिमोटमधले, वजनकाट्यातले, घड्याळातले. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. बाथरूममधली भरलेली बादली रिकामी करा, चार बोटं पाण्यातही बाळ बुडतं. चहाचा गरम कप टेबलाच्या कडेला नको, आणि लोंबणारा टेबलक्लॉथ आठवडाभर घडी करून ठेवा. माझ्या आईच्या सोफ्याखाली मला एकदा सुई, दोन गोळ्या आणि हरवलेला चष्मा एकत्र सापडले होते. चष्म्याचा तिला फार आनंद झाला.

प्रश्न : आजीकडून परत आलो की मुलगी, वय तीन, रात्री झोपताना आजीसारखं पाठीवर थोपटत राहा म्हणते. हात काढला की जागी. आजीने लाडावून ठेवलंय. किती दिवस चालणार हे?
— थकलेला बाबा

उत्तर : बहुतेक घरांत चार-पाच दिवस, फार तर आठवडाभर, तुम्ही रोज नवीन नियम काढला नाहीत तर. पहिल्या दिवशी झोपेपर्यंत थोपटा, दुसऱ्या दिवशी गुंगी येईपर्यंत, मग नुसता हात ठेवा, मग पलंगाशेजारी खुर्ची, मग खुर्ची दाराशी. मधेच रडली म्हणून पहिल्या दिवसावर परत जाऊ नका. झोपायच्या तासभर आधी आजीला फोन लावून द्या, झोपताना नको, नाहीतर रडू दुप्पट. आणि तुम्ही थोपटत असताना तिच्याआधी तुम्हीच झोपत असाल, तसं असेल तर अलार्म लावा.