इंडोनेशियातल्या छोट्या समुद्रकाठच्या गावात जमीन घेऊन राहता येईल का? तिथलं आयुष्य आणि प्रॉपर्टीचं भविष्य कसं आहे?

तुम्ही लिहिलंय की दोघं नवरा-बायको, चाळिशी ओलांडलेली, काम लॅपटॉपवरचं, बाली महाग आणि गजबजलेली वाटली म्हणून जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर पांगंदरानच्या बाजूला शांत गाव शोधताय, आणि एका एजंटने समुद्रापासून पाच मिनिटांवरचा प्लॉट 'लोकल माणसाच्या नावावर' घेऊन देतो म्हणून सांगितलंय. आधी उत्तर देतो, कारणं नंतर. राहायला जरूर या, प्लॉट घेऊ नका, आणि त्या एजंटला टोकन म्हणून एक रुपियाही देऊ नका.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, इचलकरंजीत टेक्स्टाईल शिकलो, पश्चिम जावातल्या एका सूतगिरणीत नोकरीला आलो आणि मग इथलाच झालो. चिजुलांगच्या पुढे बातू करासच्या बाजूला एका छोट्या गावात आमचं भाड्याचं घर आहे, सुट्टी मिळाली की मी आणि बायको तिथेच असतो. त्यामुळे जे सांगतोय ते त्या एका पट्ट्याबद्दल आहे, बाली-लोंबोकचं गणित वेगळं.

पहिल्यांदा अंतर समजून घ्या कारण सगळं त्याच्यावर ठरतं. मुंबईहून जकार्ता थेट विमान २०२३ मध्ये सुरू झालं, तिथून पांगंदरान नावाचीच ट्रेन आहे, २०१९ पासून धावते, पण ती जाते बान्जारपर्यंतच आणि तिथून पुढे रस्त्याने साठेक किलोमीटर पांगंदरान, मग आणखी तीसेक किलोमीटर बातू करास. डच काळात बान्जारहून थेट चिजुलांगपर्यंत रेल्वे होती, ती ऐंशीच्या दशकात बंद पडली, बोगदे आणि पूल अजून दिसतात. गाडीने पश्चिम जावाची राजधानी बांडुंगहून सहा तास धरा, जकार्ताहून अख्खा दिवस. आई-वडील भारतात असतील आणि रात्री फोन आला तर घरी पोचायला दोन दिवस लागू शकतात हे आधीच गृहीत धरा, कारण याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात.

आता गावातलं आयुष्य. कोकणातला माणूस असाल तर पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटेल. नारळाच्या बागा, भातखाचरं, कौलारू घरं, किनाऱ्यावर फायबरच्या होड्या. पांगंदरानच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर सकाळी माणसं दोन टोकांना उभी राहून समुद्रातलं जाळं ओढतात ती आपली रापणच. खारवलेली जांबाल रोती म्हणून जी मासळी इथून सगळीकडे जाते ती मान्यूंग नावाच्या माशाची, म्हणजे आपला शिंगाळा. नारळाच्या झाडावर सकाळ-संध्याकाळ चढून रस काढतात आणि चुलीवर आटवून त्याचा गूळ करतात, आमच्या शेजारच्या घरात हेच काम आहे, पावसात ओल्या खोडावर चढताना बघितलं की पोटात गोळा येतो.

कमाईचं बोलायचं तर पांगंदरान जिल्ह्याचं किमान वेतन २०२५ मध्ये महिन्याला साधारण २२ लाख रुपिया होतं, म्हणजे आपले जेमतेम बारा हजार, आणि होडीवरच्या माणसाला तेवढंही दर महिन्याला मिळेलच असं नाही. हे लक्षात ठेवा कारण तुम्ही भाडं किंवा जमिनीचा भाव ऐकून 'अरे एवढं स्वस्त' म्हणाल तेव्हा समोरच्या माणसाच्या दृष्टीने ती रक्कम काय आहे ते कळायला हवं.

गावात आलात की चोवीस तासांच्या आत एर-टेच्या प्रमुखाला, म्हणजे आपल्या वाडीच्या पुढाऱ्यासारखा असतो तो, कळवायचं असतं. पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जा, थोडा वेळ बसा, चहा प्या. पुरुषांना पाक किंवा सुंदानी, म्हणजे इथल्या स्थानिक, पद्धतीने कांग, बायकांना बू किंवा तेतेह म्हणा. सार्वजनिक सफाईला बोलावतात त्याला जा, लग्नाचं आमंत्रण आलं तर पाकीट घेऊन जा, कोणी गेलं तर त्याच दिवशी घरी जा. बायको पहिल्या वर्षी बायकांच्या भिशीत गेली, इथे आरिसान म्हणतात, आणि तिथे तिला जेवढी भाषा आली तेवढी मला गिरणीत इतक्या वर्षांत आली नाही. गाव मुसलमान आहे, पहाटेची अजान लाउडस्पीकरवर होते, दारू दुकानात सहज मिळत नाही, बातू करासला सर्फिंगवाले असतात म्हणून तिथे कपड्यांचं कोणी फार बघत नाही पण गावात नीट कपडे घालून फिरायचं. आम्हाला कधीही परकेपणाने वागवलं नाही, उलट पहिल्या रमजानात रोज संध्याकाळी कोणी ना कोणी वाटी आणून द्यायचं.

शाकाहारी असाल तर टोफू, तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कारेदोक म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या कच्च्या भाज्या, सगळं मिळतं पण सांबालमध्ये, म्हणजे इथल्या मिरचीच्या चटणीत, आणि बऱ्याच भाज्यांत तेरासी असते, सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट, ती नको म्हणून दर वेळी सांगावं लागतं. वीज प्रीपेड मीटरची, टोकनचा नंबर विकत घेऊन मीटरमध्ये टाकायचा. इंटरनेट मुख्य रस्त्याला चांगलं, आत गेलं की घराघरात फरक, त्यामुळे तुमचं काम त्यावर असेल तर घर ठरवायच्या आधी तिथे बसून एक पूर्ण व्हिडिओ मीटिंग करून बघा. गावात सरकारी दवाखाना आणि सुईण असते, साधा ताप-जुलाब निघून जातो, पण हार्टचा किंवा मोठ्या ऑपरेशनचा प्रश्न असेल तर मोठं शहर गाठावं लागतं. पन्नाशीनंतर कायमचं राहायचं म्हणणाऱ्यांना मी हे दहा वेळा सांगतो.

आता जमीन. इंडोनेशियाचा १९६० चा जमीन कायदा सरळ म्हणतो की हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला मालकी मिळावी म्हणून सरळ किंवा आडून केलेला व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे कलम २६ मध्ये लिहिलेलं आहे, माझं मत नाही. म्हणजे तो एजंट जे सुचवतोय ना, की जमीन ह्याच्या नावावर, पैसे तुमचे आणि मधे एक गुप्त करार, त्यात कागदावर मालक तो दुसराच. तो उद्या वारला तर त्याची मुलं मालक, घटस्फोट झाला तर बायको वाटा मागणार, कर्ज काढलं तर बँक येणार, आणि तुम्ही कोर्टात गेलात तर आधी तुम्हालाच कबूल करावं लागेल की कायदा चुकवायला हे केलं. शिवाय त्या गावातल्या माणसालाही आपण अडचणीत टाकतो, सही करताना त्याला सगळं कळलेलं असतंच असं नाही.

कायदेशीर रस्ते आहेत. हाक पाकाई म्हणजे वापराचा हक्क, २०२१ च्या नियमांनुसार ३० वर्षं, मग २० ची मुदतवाढ, मग ३० चं नूतनीकरण, पण त्यासाठी राहण्याचा परवाना लागतो आणि परदेशी माणसाने घ्यायच्या घराची किमान किंमत सरकारने प्रांतानुसार ठरवलेली आहे, ती गावातल्या घराच्या किमतीच्या कितीतरी वर जाते. कंपनी काढून बांधकाम हक्क घेता येतो पण परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीला १० अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे आपले ढोबळ पाच कोटी, एका घरासाठी हे कोण करणार. उरतो भाडेकरार, आणि मला विचाराल तर साध्या माणसासाठी तोच बरोबर रस्ता आहे.

भाडेकराराआधीसुद्धा कागद बघायचेच. जमिनीला सर्टिफिकेट आहे का, असेल तर नोतारिसकडून, म्हणजे इथल्या नोटरीकडून, बेपेएनमध्ये, म्हणजे जमीन नोंदणीच्या केंद्रीय खात्यात, तपासून घ्या की नाव तेच आहे, बोजा नाही, वाद नाही. खेड्यात अजूनही बऱ्याच जमिनी फक्त गावच्या दप्तरातल्या लेटर सी नोंदीवर चालतात. आपल्याकडे सातबारा जसा महसुली नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही, तसंच हे समजा. २०२१ च्या नियमाने अशा जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षं दिली होती, ती मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच, त्यानंतर ते मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत, फक्त माहिती म्हणून धरतात. टॅक्स भरल्याची पावती दाखवून 'हीच मालकी' म्हणणारे भेटतील, ती मालकी नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, एक भाऊ काम शोधत बोर्नियोला गेलाय म्हणून त्याची राहिली असं चालत नाही. आणि भाव ऐकताना एकक विचारा, या भागात जमीन बाताने मोजतात, एक बाता म्हणजे साधारण १४ चौरस मीटर, मीटरचा भाव समजून हिशोब केलात तर सगळंच चुकेल.

समुद्राच्या अगदी लगतचा तुकडा तर नकोच. भरतीच्या सर्वात वरच्या रेषेपासून किमान १०० मीटर पट्टा राखीव धरायचा नियम आहे, काही ठिकाणी जमीन वनखात्याच्या महामंडळाची निघते, काही ठिकाणी गावाच्या मालकीची सामायिक, आणि भातखाचरं संरक्षित यादीत असली तर बांधकामाची परवानगी मिळत नाही. तुमच्या एजंटच्या 'पाच मिनिटांवर' प्लॉटचं यातलं नेमकं काय आहे ते त्याला लेखी विचारा.

आणि त्सुनामी. १७ जुलै २००६ ला दुपारी ७.७ चा भूकंप झाला, किनाऱ्यावर धक्का फार जोरात जाणवला नाही म्हणून लोक पळाले नाहीत, तासाभराच्या आत लाटा आल्या आणि या किनाऱ्यावर सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गावात ज्यांनी माणसं गमावली ते अजून रोज भेटतात, मासे विकतात, मशिदीत जातात. त्यामुळे घर बघताना समुद्र किती छान दिसतो यापेक्षा उंचावर जायला पायी किती मिनिटं लागतात ते मोजा, रात्री अंधारात एकदा चालून बघा. आम्ही घर डोंगराच्या बाजूचं घेतलं ते ह्याच कारणाने, आणि ते स्वस्तही पडलं.

प्रॉपर्टीचं भविष्य विचारलंत. पांगंदरान २०१२ मध्ये वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून रस्ते सुधारले, किनारा नटवला, शनिवार-रविवारी आणि विशेषतः ईदच्या सुट्टीत बांडुंगहून इतकी गर्दी येते की रस्ते तुंबतात. पण हा पर्यटक देशी आहे, कुटुंबं घेऊन येतो, एक रात्र राहतो, सोमवारी गाव रिकामं होतं. बालीसारखं महिनोन्महिने राहणारं परदेशी गिऱ्हाईक इथे फारसं नाही. बांडुंगजवळून तासिकमालाया मार्गे चिलाचापला जाणाऱ्या टोल रोडची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, निविदा निघाल्या, अडकल्या, पुन्हा निघाल्या, आणि प्रत्येक बातमीनंतर इथले दलाल भाव वाढवून सांगतात. रस्ता झाला तर भाव वाढतीलही, पण ती वाढ इथल्या नागरिकाच्या खिशात जाणार, भाडेकराराची मुदत मात्र दर वर्षी कमीच होत जाते. गुंतवणूक म्हणून बघत असाल तर पैसे दुसरीकडे ठेवा.

आणि मला खरंच वाटतं की हा कायदा बरोबर आहे. बाहेरच्यांना मालकी दिली असती तर ज्या होड्या आज किनाऱ्यावर ओढून ठेवतात त्यांना जागाच उरली नसती, आपल्या कोकणात सड्यावरच्या आणि किनाऱ्यालगतच्या जमिनी कशा गेल्या ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, विकणारा आज तिथेच रिसॉर्टच्या गेटवर ड्युटी करतोय. इथे निदान जमीन गावच्याच माणसाकडे राहते आणि आपण त्याला भाडं देतो. त्यात आपलंही काही बिघडत नाही.

भारतातून पैसे पाठवण्याचं थोडं. एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या अशा रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर, कापला जातो, तो रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो पण पैसे तोपर्यंत अडकतात. परदेशी मालमत्ता आयटीआरमध्ये दाखवावी लागते. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या २०२२ च्या नियमांत पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला परदेशी स्थावर मालमत्तेच्या बंधनातून सूट आहे, म्हणून पाच वर्षांचा करार तुम्हाला दोन्हीकडून सोपा पडेल. बालीत पंचवीस वर्षांचे करार करतात आणि सगळे पैसे आधी देतात, तसलं इथे करू नका.

व्हिसा ऑन अरायव्हल भारतीयांना मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस आणि एकदा ३० दिवसांची वाढ. त्यावर इथलं काम किंवा होमस्टे चालवणं चालत नाही, गावात बातमी लगेच पसरते आणि इमिग्रेशनवाले येतात. जास्त राहायचं तर आधी योग्य परवाना काढा.

पहिल्यांदा याल तेव्हा ईदच्या आठवड्यात येऊ नका, त्या दिवसांत सगळं सजलेलं असतं आणि खोलीचे भाव दुप्पट. जानेवारी-फेब्रुवारीत या. पाऊस रोज, समुद्र खवळलेला, होड्या वर काढलेल्या, मासळी कमी, कपडे वाळत नाहीत, वीज मधूनच जाते. महिनाभर एखादी खोली घेऊन राहा, बाजार करा, एर-टेच्या घरी जा, उंचावर जायचा रस्ता चालून बघा. ते जमलं तर घरमालकाशी आधी एका वर्षाचं बोला, ते नीट गेलं की पाच वर्षांचं.