पाकिटावर सोयाबीन, बिलावर हरभरा

तुमचं पत्र थोडक्यात असं : लातूर जिल्ह्यात ऊस मोडून त्या रानात यंदा पहिल्यांदाच हरभरा पेरला. कृषी सेवा केंद्रातून आणलेलं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरून पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारं जिवाणू खत, बियाण्याला चोळलं. आता सव्वा महिन्याचं पीक पिवळं पडलंय, मुळांना गाठी नाहीत. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी म्हणते, तुम्ही बुरशीनाशक लावल्यामुळे जिवाणू मेले. उरलेलं उघडं पाकीट प्रयोगशाळेत तपासून कंपनीवर दावा करावा का, असं तुम्ही विचारता.

तसं करू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाकिटावर 'सोयाबीनसाठी' असं स्पष्ट छापलंय, आणि बिलात दुकानदाराने 'रायझोबियम, हरभरा' लिहिलंय. तुमची खरी बाजू इथे आहे. २००६ पासून जिवाणू खतंही खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतात. त्यानुसार भुकटीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू लागतात. ते सगळे जिवंत निघाले तरी सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळावर गाठी धरत नाही. म्हणजे माल चांगला असल्याचा अहवाल येईल आणि तो तुमच्याच विरोधात वापरला जाईल. शिवाय उघड्या पाकिटाचा नमुना कंपनी मान्य करणार नाही. बुरशीनाशकाचा वादही इथे गैरलागू ठरतो.

म्हणून मुख्य दावा दुकानदारावर करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८६ प्रमाणे, उत्पादकाने दिली नसलेली हमी विक्रेत्याने स्वतःहून दिली आणि माल त्या हमीला उतरला नाही, तर नुकसानीला विक्रेता जबाबदार असतो. ते बिल जिवापाड जपा. झेरॉक्स कुणालाही द्या, मूळ प्रत देऊ नका.

कच्चा दुवा एकच आहे : गाठी नसल्यामुळेच पीक गेलं, हे सिद्ध करणं. जिथे वर्षानुवर्षं हरभरा होतो तिथे मातीतलेच जिवाणू काम भागवतात. तुमच्या रानात हरभरा पहिल्यांदाच आहे, म्हणून सातबाऱ्यावरची मागची पीक नोंद जोडा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आजच लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि पीक उभं असतानाच पंचनामा मागा. रोपं उपटू देऊ नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खोऱ्याने ढेकळासकट काढून मुळं पाण्यात हलकेच धुवा. गाठी सापडल्याच तर कापून आतला रंग नोंदवायला सांगा. कामाची गाठ आतून गुलाबी असते. शेजारचं चांगलं हरभऱ्याचं रानही त्याच पंचनाम्यात येऊ द्या, तुलना तिथूनच होईल.

शेतकरी ग्राहक नाही, असा बचाव घेतला जाईल. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तो फेटाळलाय.

आधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि मालाची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. वकील नसला तरी चालतं. मागणी मात्र पूर्ण पिकाची करू नका. शेजारच्या रानाच्या उत्पादनातून तुमचं उत्पादन वजा करा, फरकाला बाजार समितीचा काढणीच्या आठवड्याचा भाव लावा, आणि त्यात पाकिटांची किंमत व तक्रारीचा खर्च मिळवा.