डुकराला ठेवलेलं विष कोण खाणार? – रब्बीतले तीन प्रश्न

अनेर नदीच्या काठी दोन एकर मका आहे. रात्री रानडुकरं घुसतात, खातात थोडं आणि तुडवतात जास्त. गूळ-पिठाच्या गोळ्यांत दाणेदार औषध घालून बांधावर ठेवलं तर चालेल का? नाहीतर मंग आमीन काय करानं?

नाही दादा, चालणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात विष घालणं म्हणजे शिकारच, आणि नुसता प्रयत्नही त्यात मोडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही त्या कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मेलेलं डुक्कर बिबट्याने खाल्लं आणि तोही गेला, तर प्रकरण अनुसूची एकचं, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांचं होतं आणि शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते. कीटकनाशक कायद्याने औषध फक्त लेबलवर लिहिलेल्या पिकासाठी आणि किडीसाठीच वापरता येतं. डुक्कर कोणत्याच लेबलवर नाही.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. गुळाचा गोळा डुकराआधी शेळीला सापडतो. आमच्या भागात एका बांधावर अशाच गोळ्यांनी शेजाऱ्याच्या तीन शेळ्या गेल्या आणि डुकरं दुसऱ्या रात्री पुन्हा मक्यात होती. दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.

एक कबुली देतो. थिमेट वाळूत मिसळून त्याच्या पुड्या कुंपणाला टांगा, वासाने डुक्कर येत नाही, असं पूर्वी सांगितलं जायचं. मीही सांगितलं आहे. तो सल्ला आता विसरा. थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात जुना डबा पडला असेल तर तो विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका, तालुका कृषी कार्यालयाला कळवा.

मग करायचं काय? नुकसान दिसलं की तीन दिवसांच्या आत वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सातबारा आणि तुडवलेल्या पिकाचे फोटो जोडा, आणि पंचनामा होईपर्यंत ते वावर नांगरू नका. भरपाई उशिरा मिळते हे खरं, पण अर्ज नसेल तर मिळतच नाही. त्रास सततचा असेल तर डुक्कर मारण्याची परवानगीही वनखात्याकडेच मागता येते. ती लेखी हवी, आणि ती मिळाली तरी विषाला मुभा नाही. पुढच्या रब्बीत भुईमूग किंवा हरभऱ्याभोवती करडईच्या चार ओळी दाट पेरा, काट्यांमुळे डुक्कर सहसा आत शिरत नाही. सौर कुंपणाला अनुदान आहे. त्यात झटका क्षणभराचा असतो. तारेत थेट वीज सोडू नका, त्यात बहुधा आपलाच माणूस जातो.

दादर (रब्बी ज्वारी) निसवली आहे आणि शिवारभर उंदरांची बिळं आहेत. उंदराला तरी औषध चालतं ना?

चालतं. पण इथेच चुका जास्त होतात. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू, औषध फक्त तिथेच. आधी दोन-तीन दिवस नुसती भरड तेल लावून ठेवा, म्हणजे उंदीर सरावतो. मग ९६० ग्रॅम ज्वारी किंवा गव्हाची भरड, २० ग्रॅम तेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड काठीने कालवा, हात लावू नका. प्रत्येक बिळात कागदाच्या पुडीत १० ग्रॅम खोल सरकवा आणि तोंड बुजवा. बांधावर उघडं ठेवू नका. यावर उतारा नाही, पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो. वाचलेला उंदीर तेच आमिष पुन्हा घेत नाही, म्हणून दुसरी फेरी ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या दुसऱ्या औषधाची करा. त्याला परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात, एवढा धीर धरा. आणि सगळ्या शिवाराने एकाच दिवशी करा, नाहीतर शेजारच्या वावरातले उंदीर तुमच्याकडे येतात.

मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. शहादा-तळोद्याच्या जंगलात १९९७ साली रानपिंगळा हे छोटं घुबड पुन्हा सापडलं, तोवर शंभरावर वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती आणि तो नामशेष धरला गेला होता. पाली-सरड्यांबरोबर तो उंदीरही खातो. यावल अभयारण्याच्या कडेला शेती असेल त्यांनी हे जास्तच सांभाळावं.

सेल्फॉसच्या (ॲल्युमिनियम फॉस्फाईड, विषारी वायू सोडणाऱ्या) गोळ्या बिळात टाकू का, असंही काहींनी विचारलं. त्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांसाठीच आहेत. दुकानदार देत असेल तरी घेऊ नका.

नाल्याकाठी चार मोर मेलेले दिसले, शेजारच्या वावरात पेरलेलं बियाणं पडलं आहे. सांगू की नको?

सांगा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. मोरांना हात लावू नका, कुत्री जवळ येऊ देऊ नका. औषध लावलेलं बियाणं उघडं राहिलं असेल तर शेजाऱ्याला ते आजच मातीआड करायला लावा. कोणाला लाळ सुटणं, घाम, बाहुल्या बारीक होणं असं दिसलं तर मीठपाणी पाजत बसू नका, औषधाचा डबा बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. डबा पाहिला की डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.