कॉलेजात एखाद्या कार्यक्रमावरून वाद पेटला तर विद्यापीठाने काय करावं? आधी तयारी करता येते का?

येते, आणि तीच खरी उपयोगी पडते. मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं, काही वर्षं विद्यार्थी विकास अधिकारीही होतो. तुम्ही नवे प्राध्यापक आहात असं लिहिलंय, म्हणून पाहिलेलं सांगतो.

एका वर्षी स्नेहसंमेलनातल्या नाटिकेवरून वाद झाला. नाटिका संपते न संपते तोच तिचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. सकाळी गेटवर दोन संघटना, दोन निवेदनं, पोलिसांची गाडी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये दुपारपर्यंत बैठक चालली आणि बाहेर कुणी चकार शब्द सांगितला नाही. तेवढ्यात 'मारामारी झाली', 'परीक्षा रद्द' अशा अफवा गावोगाव पोचल्या. पहिल्या एसटीने आलेला एक बाप गेटजवळ माझा हात धरून म्हणाला, "सर, मनी पोर कोठे शे?" ती ग्रंथालयात वाचत बसली होती. एवढं सांगायला आम्हाला कुणी अडवलं होतं?

संध्याकाळी नाटिकेतल्या पाच मुलांना म्हणणं न ऐकताच निलंबित केलं. गेट शांत झालं. त्यातली एक मुलगी नंतर फक्त परीक्षेपुरती आली. त्या बैठकीत मी होतो आणि विरोध नोंदवला नाही, हे मला आजही खुपतं.

म्हणून माझा आग्रह एकच: वाद नसताना नियम ठरवा. कार्यक्रमाची परवानगी कोण देतो, किती दिवसांत देतो, नाकारली तर कारण लेखी मिळतं का, आणि हे सगळ्या संघटनांना सारखंच लागू आहे का? गेटवर गर्दी जमल्यावर केलेला नियम कुणालाच निष्पक्ष वाटत नाही.

वाद झालाच, तर दोन तासांत छोटं निवेदन काढा. काय घडलं, चौकशी कोण करणार, कधीपर्यंत, तास आणि परीक्षा सुरू आहेत का, एवढंच. दोषी कोण हे त्यात नको. नाटिका चांगली की वाईट, यावरही विद्यापीठाने बोलू नये. शिकागो विद्यापीठाच्या समितीने १९६७ मध्ये हेच मांडलं होतं: टीका करणाऱ्यांना विद्यापीठाने आसरा द्यावा, स्वतः टीकाकार होऊ नये. मात्र धमकी, मारहाण किंवा छेडछाड झाली असेल तर तिथे तटस्थपणा चालत नाही. लैंगिक छळाची तक्रार थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जायला हवी, मिटवामिटवीकडे नव्हे.

विद्यार्थ्यांच्या इतर तक्रारींसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे नियम आहेत. तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील. आपल्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे येतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पोराला लांब जळगावला सुनावणीसाठी बोलावलं की त्याच्या घरची दिवसाची मजुरी बुडते, आणि तो येतच नाही. त्याचं म्हणणं त्याच्याच कॉलेजात बसून, किंवा फोनवर घेता आलं पाहिजे.

उद्या कॉलेजात गेलात की सूचना फलकावर तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर शोधा. नसतील तर प्राचार्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.