‘क्वालिटी अश्युरन्स’ला गुणवत्ता हमी म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: एका युरोपियन युनिव्हर्सिटीचं माहितीपत्रक मराठीत करायचंय, त्यात क्वालिटी अश्युरन्स, अॅक्रेडिटेशन, रेकग्निशन आणि रिफॉर्म हे शब्द पानोपानी आहेत. पहिल्या झटक्यात गुणवत्ता हमी, मान्यता, मान्यता आणि सुधारणा असं लिहिलं गेलं, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना एकच ‘मान्यता’ झाली, शिवाय ‘हमी’ पण कानाला खटकतेय, तर काय लिहावं?

खटकतेय ते बरोबरच आहे. आपल्याकडे हमी म्हटलं की हमीभाव, रोजगार हमी, नाहीतर कर्जाला राहिलेला हमीदार. म्हणजे कुणीतरी तिसरा पुढं होऊन सांगतो की हे झालं नाही तर मी भरून देतो. वर ‘गुणवत्ता’ हा शब्द आपण इतकी वर्षं गुणवत्ता यादीसाठी वापरलाय (बोर्डाची यादी कधीच बंद झाली तरी शब्द डोक्यातून जात नाही) की ‘गुणवत्ता हमी’ वाचून एखाद्या क्लासची जाहिरात वाटावी, ९० टक्क्यांची हमी वगैरे. ‘आश्वासन’ तर विचारूच नका, ते निवडणुकीला गेलंय.

आता युरोपात नेमकं काय करतात ते बघू, त्याशिवाय शब्द ठरणार नाही. १९९९च्या जूनमध्ये २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी इटलीत बोलोन्याला एक जाहीरनामा सही केला (पेपरात ‘बोलोग्ना’ छापतात, पण त्यातला ग उच्चारत नाहीत). बॅचलर-मास्टर अशा टप्प्यांच्या, एकमेकांशी ताडून बघता येतील अशा डिग्र्या, क्रेडिट्सची पद्धत, आणि गुणवत्तेच्या बाबतीत देशांचं सहकार्य, असं त्यात होतं. पुढं २००३ला बर्लिनच्या बैठकीत मंत्र्यांनी स्पष्ट म्हटलं की गुणवत्तेच्या खातरजमेची पहिली जबाबदारी खुद्द संस्थेची. मग २००५मध्ये बर्गेनला त्याची सामायिक मानकं आली, २०१५मध्ये येरेवानला ती नव्यानं मंजूर झाली. यांनाच ईएसजी म्हणतात, म्हणजे ‘युरोपियन स्टँडर्ड्स अँड गाइडलाइन्स’. तुमच्या मजकुरात हे ईएसजी असणारच, तिथं पूर्ण नाव लिहा, नाहीतर शेअरबाजारवाली मंडळी पर्यावरण आणि कंपन्यांचा कारभार समजून बसतील.

ईएसजीची पद्धत अशी की संस्था आधी स्वतःच स्वतःबद्दल अहवाल लिहिते, मग बाहेरची तज्ज्ञ मंडळी प्रत्यक्ष येऊन बघतात, बोलतात, आपला अहवाल लिहितात आणि नंतर त्यावर काय केलं याचा पाठपुरावा होतो. आपल्याकडं कॉलेजं तपासणाऱ्या नॅकची पीअर टीम यायची तेव्हा रंगरंगोटीपासून सगळं जे चालायचं ते आठवलं तर चित्र ओळखीचं वाटेल, पण दोन गोष्टी बघा. त्या तपासणाऱ्या टीममध्ये विद्यार्थी सदस्य असावा लागतो, भेटायला बोलावलेला नव्हे तर टीमचाच सदस्य, प्राध्यापकांच्या बरोबरीनं प्रश्न विचारणारा. आणि तज्ज्ञांचा अहवाल पूर्णच्या पूर्ण जाहीर करायचा, चांगला असो की वाईट. आणखी एक म्हणजे हे तपासणाऱ्या एजन्सीजचीही तपासणी होते, ईक्यूएआर नावाच्या, अशा एजन्सीजच्या युरोपियन नोंदवहीत (२००८पासून आहे) नाव राहायला हवं असेल तर दर पाच वर्षांनी त्यांनाही याच चक्रातून जावं लागतं. म्हणजे यात कुणीच कुणाला हमी देत नाहीये. आधी आपण बघायचं, मग दुसऱ्यानं बघायचं, मग त्या बघणाऱ्याकडं तिसऱ्यानं बघायचं.

याला मराठीत अगदी रोजचा शब्द आहे, खातरजमा. खात्री ही मनाची अवस्था झाली, खातरजमा मात्र ‘करायची’ असते, तपासून, विचारून, कागद बघून. गंमत म्हणजे व्युत्पत्तीतही दोन्ही शब्द शेजारी बसतात. अश्युरन्सच्या मुळाशी लॅटिन ‘सेक्युरुस’ आहे, म्हणजे काळजी नसलेला, निर्धास्त. आणि खातरजमा फारसीतून आलाय, खातिर म्हणजे मन, ते जमा म्हणजे एके ठिकाणी, थाऱ्यावर. म्हणून माझं मत: चालू मजकुरात ‘गुणवत्तेची खातरजमा’ लिहा. अंतर्गत खातरजमा, बाह्य खातरजमा, दोन्ही नीट होतात. ‘गुणवत्तेची आणि तिच्या खातरजमेची पहिली जबाबदारी संस्थेचीच आहे’ हे वाक्य वाचून बघा आणि त्यात खातरजमेच्या जागी हमी घालून बघा, हमी घातली की संस्था ग्राहकाला वॉरंटी कार्ड देतेय असं होतं. फक्त संस्थांच्या अधिकृत नावांना हात लावू नका, आपल्या कॉलेजांत ‘अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष’ पाटीवर लिहिलेला आहे तो तसाच राहू दे, पाटी बदलायला आपण कोण.

अॅक्रेडिटेशन म्हणजे तपासणीनंतर दिला जाणारा अधिकृत निर्णय, त्याला ‘अधिस्वीकृती’. शब्द जड आहे, मान्य, पण तयार आहे, पत्रकारांचं अधिस्वीकृती पत्र सगळ्यांना माहितीये आणि नॅकच्या मराठी नावातही तो वापरतात. (मुळात हा ‘क्रेडिट’चाच भाऊ, म्हणजे पत देणे, पण पतपेढी फार जवळ असल्यानं तिकडं न गेलेलं बरं.) पेपरवाले लिहितात ते ‘नॅक मानांकन’ इथं नको, कारण मानांकन म्हटलं की ए प्लस, बी अशी श्रेणी डोळ्यापुढं येते आणि जर्मनीसारख्या ठिकाणी श्रेणी नसते, निकाल तीनच, मिळाली, अटींसह मिळाली किंवा नाकारली.

जर्मनीचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो कारण तिथं या शब्दांतला फरक थेट कोर्टात गेला. एजन्सीज स्वतःच तपासायच्या आणि स्वतःच अधिस्वीकृतीचा निर्णय द्यायच्या. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातलं असं एक प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०१६च्या फेब्रुवारीत न्यायालयानं त्या राज्याच्या तरतुदी घटनेत बसत नाहीत असं ठरवलं. कारण शिकवण्याच्या स्वातंत्र्यावर इतका परिणाम करणारे निर्णय कुठल्या निकषांवर घ्यायचे यातलं महत्त्वाचं ते कायदेमंडळानंच ठरवायला हवं, ते असं दुसऱ्यांवर सोपवून देता येणार नाही. मग राज्यांनी आपसात करार केला, १ जानेवारी २०१८पासून तो लागू आहे, आता एजन्सी फक्त तपासून अहवाल देते आणि निर्णय अधिस्वीकृती परिषद घेते. बघा, खातरजमा एकाची आणि अधिस्वीकृती दुसऱ्याची. दोन्हींना एकच शब्द वापरला असता तर हा मजकूर मराठीत लिहिताच आला नसता. उलट फिनलंडमध्ये ऑडिट करतात, तिथं युनिव्हर्सिटीचा डिग्री देण्याचा हक्क त्यावर टांगलेला नसतो, उद्देश सुधारत नेणं हा. तिथंही लेखापरीक्षण लिहू नका, लोक हिशेबाच्या वह्या शोधतील, सरळ ‘ऑडिट’ लिहा.

रेकग्निशन म्हणजे मात्र ‘मान्यता’च, आणि ती डिग्रीची. १९९७चा लिस्बन करार याबद्दल आहे, एका देशातली डिग्री दुसऱ्या देशानं मानायची की नाही. जर्मनीला निघालेली आपली मुलं ‘माझी डिग्री तिकडं चालेल का’ विचारतात ते हेच. खरं तर ‘चालेल का’ हाच याचा सर्वांत अचूक मराठी अनुवाद, पण माहितीपत्रकात कोण छापू देणार.

राहिलं रिफॉर्म. आपली ‘सुधारणा’ फार कामं करते, कायद्यातली दुरुस्ती, समाजसुधारणा, मार्कांमधली सुधारणा, सगळं तीच. बोलोन्यातून आली ती रचनेतली सुधारणा, जर्मनीत ‘डिप्लोम’ नावाच्या जुन्या डिग्रीच्या जागी बॅचलर-मास्टर आले तशी. तिला ‘फेररचना’ म्हणा, आणि रोजच्या रोज थोडंथोडं बरं करत जाण्याला ‘सुधारणा’ ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीये पण स्टेकहोल्डर्स पण असतील त्यात, आणि अनुवादात ‘भागधारक’ सर्रास दिसतं. तिथं ‘संबंधित घटक’ लिहा, नाहीतर विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटीकडून डिव्हिडंड मिळतो अशी अफवा उठेल.