ढिगारा उपसतानाही मास्क हवाच

प्रश्न : मी अग्निशमन दलात आहे. ज्वाळा विझल्या की आम्ही बीए सेट (मास्क आणि हवेच्या सिलिंडरचं श्वसन उपकरण) उतरवून धुमसता ढिगारा उपसायला घेतो. मीटरवर कार्बन मोनॉक्साइड जवळपास शून्य असतो. तरी डोकं जड होतं आणि अंघोळीनंतरही अंगाला धुराचा वास येतो. कशामुळे?

उत्तर : नेहमीचं चार वायूंचं मीटर ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वालाग्राही वायू एवढंच मोजतं. धुमसत्या गादीच्या फोममधून निघणारं हायड्रोजन सायनाइड, शिवाय बेंझीन, फॉर्मल्डिहाइड यांच्या विषारी प्रमाणाचा त्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे मीटर शांत आहे म्हणून मास्क काढू नका. हवा संपत आली तर बाहेर या, सिलिंडर बदला.

वास येतो तो काजळीचा. तिच्यातले पीएएच (अर्धवट जळण्यातून तयार होणारी रसायनं) गटाचे कर्करोगकारक पदार्थ मानेवरून, जबड्याखालून, मनगटांवरून त्वचेत शिरतात. घामाने आणि उष्णतेने ते आणखी सोपं होतं. मळकं जॅकेट म्हणजे शौर्याची खूण, हा समज आता सोडायला हवा.

जागेवरच, मास्क लावलेला असतानाच, सहकाऱ्याकडून हलक्या धारेने अंगावरचा सूट धुऊन घ्या. मग बादलीत भांड्यांचा लिक्विड साबण कालवून मऊ ब्रशने हेल्मेटपासून बुटांपर्यंत घासायचं आणि पुन्हा धुवायचं. काखा, जॅकेटची चेन आणि सिलिंडरचे पट्टे हमखास राहून जातात. नायट्राइलचे हातमोजे घालून कपडे उतरवा, मास्क सगळ्यात शेवटी. हूड (डोकं-मान झाकणारी टोपी) आणि सूट बंद पिशवीत भरा. बंबाच्या केबिनमध्ये ठेवलात तर परतीच्या वाटेवर त्यातून सुटणारी वाफ सगळेच हुंगतील. चेहरा, मान, हात ओल्या वाइप्सने पुसा आणि तासाभरात अंघोळ करा. सूट घरच्या मशीनमध्ये नको.

डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटलं, तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून तो 98 दाखवतो. ताबडतोब मास्कने पूर्ण ऑक्सिजन लावून रुग्णालय गाठा आणि रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हेच कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासायला सांगा.

प्रश्न : या कामाने कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय का?

उत्तर : हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये हे काम गट 1 मध्ये, म्हणजे निश्चित कर्करोगकारक ठरवलं. मेसोथेलिओमा (फुप्फुस किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत पुरावा पुरेसा आहे. लघवीतून रक्त गेलं, दुखत नसलं तरी, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि काम काय करता तेही सांगा.